डबा अर्धाच परत येतो: आमच्या घरी कारणं कुठे सापडली

दुपारी पावणेदोनला बस ठाण्यातल्या ढोकाळी नाक्यावर थांबते. मुलं उतरली की मी आधी दप्तर हातात घेते आणि तिथेच कळतं. डबा रिकामा असला की आत चमचा खुळखुळतो. भरलेला असला की दप्तर नुसतं जड लागतं, आवाज येत नाही. गेल्या वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत तो खुळखुळाट मी आठवड्यातून जेमतेम एखादा दिवस ऐकला.

मुलगी तेव्हा पाचवीत होती, मुलगा सातवीत. दोघांचीही शाळा सकाळची, घोडबंदर रोडवर पुढे. बस सव्वासहाला येते, म्हणजे डबा पावणेसहाला भरायचा, आणि मधली सुट्टी साडेनऊला. परत आलेला डबा उघडला की आंबूस वास, घामेजलेली पोळी, कडेला साचलेलं भाजीचं पाणी. पहाटे उठून केलेलं अन्न दुपारी टाकून देताना जीव तुटतो. त्याहून जास्त काळजी वाटते ती पोरांच्या पोटाची. सकाळी अर्धा कप दूध पिऊन गेलेलं मूल दुपारी दोनपर्यंत उपाशी राहतं, आणि मग घरी आल्यावर हाताला लागेल ते खातं.

तीन महिने मी पदार्थ बदलत राहिले. पराठा, पास्ता, इडली, बटाट्याच्या भाजीचं सँडविच, मैत्रिणींनी सुचवलेलं सगळं करून पाहिलं. दोन दिवस डबा संपायचा, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मग हळूहळू लक्षात आलं की मी चुकीच्या जागी शोधत होते. पदार्थ हे अगदी शेवटचं कारण निघालं. त्याच्या आधी झाकण होतं, घड्याळ होतं, वाफ होती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डब्यात काय आहे हे मुलांना तो उघडेपर्यंत माहीतच नसायचं. ज्या क्रमाने कारणं सापडली त्याच क्रमाने लिहिते. तुम्हीही याच क्रमाने तपासा, कारण पहिली दोन-तीन कारणं एक पैसाही खर्च न करता सुटतात.

आधी आठ दिवस नुसतं बघा

"का नाही खाल्लंस?" हा प्रश्न आठ दिवस विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "भूक नव्हती" असंच येतं, आणि रोज विचारलं की मूल शाळेतल्याच कचरापेटीत डबा उपडा करायला शिकतं. तसं झालं की आपल्या हातात काहीच उरत नाही. मी मुलांना एवढंच सांगितलं: उरलं तर उरू दे, रागावणार नाही, फक्त टाकून देऊ नका, परत आणा.

फ्रिजवर एक वही लटकवली. तारीख, काय दिलं, काय परत आलं आणि कशा अवस्थेत. ही अवस्थाच महत्त्वाची. डब्याला हातच लागलेला नसेल तर पदार्थाला दोष देण्याआधी डबा उघडला गेला का ते बघा. दोन घास खाऊन सोडलेलं असेल तर बहुतेक वेळ संपली किंवा वास आला. भाजी संपली आणि पोळी उरली तर पोळी वातड झाली होती. पोळी कोरडीच खाल्ली आणि भाजी तशीच, तर भाजीला पाणी सुटलं असणार. फळ चावून परत ठेवलेलं असेल तर दात बघा. सहा ते बारा वर्षांपर्यंत दुधाचे दात पडत असतात आणि हलत्या दाताने सफरचंदाची फोड चावता येत नाही. माझ्या मुलीने दहा दिवस सफरचंद परत आणलं होतं, आणि मी ते "तिला आवडत नाही" असं लिहून मोकळी झाले होते. दाढ हलत होती. केळं दिल्यावर केळं संपलं.

झाकण

वहीत एक गोष्ट वारंवार दिसत होती. मुलीचा वरचा छोटा डबा रोज रिकामा आणि खालचा मोठा रोज भरलेला. एका रविवारी मी शाळेच्या दिवसासारखाच डबा पावणेसहाला भरला, झाकण घट्ट लावलं आणि साडेनऊपर्यंत ओट्यावर ठेवला. मग तिला म्हटलं, "हात धू, आणि पुसू नकोस. शाळेत जशी उघडतेस तसा उघड."

तिने दोन्ही अंगठे कडेला लावले, ते सटकले. फ्रॉकला हात पुसून पुन्हा लावले. मग नखाने कड उचकटायला लागली. मग डबा पोटाशी धरून जोर लावला. झाकण हललं नाही.

"अगं, मग शाळेत काय करतेस?"

"वरचा छोटा उघडतो ना, तो खाते."

वरच्या छोट्यात मी काकडीच्या चकत्या द्यायचे.

"बाईंना सांगायचं की."

"सगळे बघतात."

मला तेव्हा बोलवेना. तिला जवळ घेतलं आणि तो डबा त्याच दिवशी माळ्यावर टाकला.

यामागचं कारण साधं आहे. गरम भाजी भरून लगेच झाकण दाबलं की आतली हवा तापलेली असते आणि तिच्यात वाफ असते. डबा गार होतो तसं वाफेचं पाणी होतं, हवा आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि झाकण आत ओढून धरलं जातं. रबरी रिंग असलेल्या हवाबंद डब्यात हे जास्त होतं, कारण तिथे बाहेरची हवा आत शिरायला फटच नसते. डबा जितका भारी आणि घट्ट, तितका तो मुलाच्या हाताला अवघड. त्यामुळे अन्न गार करून भरा, कोरड्या पदार्थांना साधा स्टीलचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा डबा द्या, आणि नवा डबा विकत घेताना मुलाला दुकानात सोबत न्या. राम मारुती रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात माझी मुलगी पाण्याच्या बाटलीतून हात ओले करून एकेक डबा उघडून बघत होती. दुकानदारांनी आपण होऊन तिच्यासमोर आणखी चार प्रकार काढून ठेवले.

वीस मिनिटं खरं तर वीस नसतात

मुलाला म्हटलं, मधल्या सुट्टीत काय काय करतोस ते सांग. हात धुवायच्या नळावर रांग, शौचालय, मित्रांबरोबर बसायची जागा शोधणं, आणि शेवटची पाच मिनिटं खेळायला. तो हक्कही त्यांचाच आहे, सकाळपासून बाकावर बसलेली मुलं असतात. खायला उरतात दहा मिनिटं. घरी मी त्याला दोन पोळ्या आणि फरसबीची भाजी वाढून घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं लागली. तोडा, भाजी घ्या, चावा, पुन्हा तोडा. तीच भाजी पोळीत गुंडाळून तीन तुकडे करून दिली तेव्हा आठ मिनिटं.

म्हणून आमचा पहिला नियम: जे घरी दहा मिनिटांत संपत नाही ते डब्यात जात नाही. दुसरा नियम मला जड गेला, पण सगळ्यात लवकर गुण त्यानेच आला. डबा कमी भरा. दोन पोळ्यांऐवजी एक. आईच्या मनाला ते थोडं वाटतं, पण मुलाने महिनाभर रिकामा डबा पाहिलेला नसतो, त्याला "डबा संपवला" हा अनुभवच नसतो. एका पोळीचा डबा सलग आठ दिवस संपला की मूल स्वतः म्हणतं, अजून अर्धी दे. आमच्याकडे नवव्या दिवशी मुलाने मागितली.

वाफ, घाम आणि ठाण्याची हवा

आमच्याकडे जून ते ऑक्टोबर हवा अशी दमट असते की पापडसुद्धा ताटात मऊ पडतो. त्यात गरम पोळी डब्यात कोंबली की झाकणाला आतून घाम सुटतो आणि ते पाणी पोळीवरच पडतं. वर ओली, आत वातड. पोळी तव्यावरून काढली की जाळीवर किंवा पसरलेल्या पंचावर पाच-सात मिनिटं ठेवा आणि मगच घडी करा. कणीक भिजवताना थोडं दूध किंवा चमचाभर तेल जास्त घातलं की पोळी दुपारपर्यंत मऊ राहते.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घ्यायला उशीर केला. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानाला ठेवलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि असं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा जगभर मानला जाणारा नियम आहे. आपला डबा पावणेचार तास बाहेर असतो. म्हणून काय द्यायचं यापेक्षा काय द्यायचं नाही हे आधी ठरवलं. ओल्या खोबऱ्याची चटणी, रसभाजी, दहीभात, मेयोनीज लावलेलं काहीही सकाळच्या लांबच्या डब्यात नाही. रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात आपल्याकडे सर्रास दिला जातो. भात शिजवूनही एका जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. डब्यात नुसता विटल्याचा वास येण्याइतकी ही गोष्ट साधी नाही. भात उरला तर जेवण झाल्याबरोबर उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तो घरीच संपवा.

डब्यात जायचं ते कोरडं: पूर्ण परतलेली भाजी, थालीपीठ, धिरडं, सुक्या चटण्या, फुटाणे, अख्खं फळ. पनीर किंवा काकडी द्यायची असेल तर रात्री अर्धी पाणी भरून बर्फ केलेली छोटी बाटली डब्याला लागून ठेवते. साडेनऊपर्यंत तिचं पाणी होतं आणि मुलं ते पितात.

आता मुलांच्या हातात द्या

हे सगळं केल्यावर डबा अर्ध्याहून जास्त वेळा संपायला लागला. पूर्ण मात्र तेव्हाच सुटलं जेव्हा मी डबा भरणं सोडून दिलं.

स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा रिकामा केला आणि त्यात बरण्या ठेवल्या: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, कुरमुरे, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, मेतकूट, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, खाकरे. फ्रिजचा खालचा कप्पाही त्यांचा. त्यात गाजर, काकडी, पनीर, लोणी, उकडलेले बटाटे. रात्रीची जेवणं झाली की दहा मिनिटं "डब्याची". त्या दहा मिनिटांत मुलं ठरवतात, किसून ठेवतात, डबा-चमचा-रुमाल ओट्यावर काढून ठेवतात. सकाळी मी फक्त पोळी लाटते आणि भाजते, बाकी भरणं त्यांचं. सकाळी पावणेसहाला अर्धवट झोपेतलं मूल काही ठरवू शकत नाही, म्हणून ठरवायचं ते रात्रीच.

अट एकच. तीन गोष्टी हव्यात: धान्याचं काहीतरी, डाळी-दाणे-पनीर यातलं काहीतरी, आणि भाजी किंवा फळ. कुठली ते त्यांनी ठरवायचं. माझी मतं मी गिळते.

मुलीचा आवडता पदार्थ गुंडाळी. पहिल्या दिवशी तिने पोळीवर गाजराचा एवढा कीस टाकला की गुंडाळताना तो दोन्हीकडून बाहेर आला आणि पोळी मधोमध फाटली. माझा हात पुढे गेला होता, मी तो पाठीमागे बांधला. तिने फाटलेली गुंडाळी तशीच डब्यात ठेवली आणि तशीच संपवून आली. दुसऱ्या दिवशी कीस तिने आपण होऊन निम्मा केला. आता तिचं तंत्र बसलंय. गार पोळीवर लोणी अगदी कडेपर्यंत लावते, कारण लोण्याचा थर असला की कीसाचं पाणी पोळीत मुरत नाही. त्यावर दोन चमचे शेंगदाण्याची चटणी. गाजराचा कीस सिंकवर मुठीत दाबून पाणी काढते आणि चटणीवर पसरते. मीठ वेगळं घालत नाही, कारण मीठ लागलं की गाजर पाणी सोडतं आणि चटणीत ते आधीच असतं. मग घट्ट गुंडाळून, कड खाली करून दहा आकडे मोजेपर्यंत तळव्याने दाबून धरते. लहान सुरीने तीन तुकडे, आणि ते डब्यात आडवे न ठेवता उभे, एकमेकांना टेकवून, म्हणजे बसच्या हिसक्यांत सुटत नाहीत. उरलेल्या फटीत फुटाण्यांची वाटी. हे तिला कोणी शिकवलं नाही, तिने सुटलेल्या गुंडाळ्या पाहून शोधून काढलं.

मुलाची भेळ. सुकी भेळ हा मधल्या सुट्टीचा राजा आहे असं माझं ठाम मत आहे, फक्त तिची वेगवेगळी मांडणी करून न्यायला हवी. एका डब्यात कुरमुरे, दुसऱ्यात दाणे, फुटाणे आणि चटणी, तिसऱ्या छोट्या डबीत मीठ न लावलेली बारीक चिरलेली काकडी आणि लिंबाची फोड. सुट्टीत सगळं एकत्र करून चमच्याने ढवळायचं, लिंबू पिळायचं, दोन मिनिटांत भेळ. जुलैत कुरमुरे सादळतात, म्हणून तो ते रात्री कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परततो, एक कुरमुरा बोटांत दाबून बघतो, चुरा झाला की गॅस बंद. पूर्ण गार होईपर्यंत बरणीत भरत नाही, कोमट भरले की पुन्हा मऊ पडतात. मित्र हात घालतात म्हणून तो मूठभर जास्त नेतो. इथे एक सांगायला हवं: वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे आधी विचारून घ्या. असेल तर दाण्यांऐवजी नुसते फुटाणे.

मोडाची मटकी हा आठवड्याचा कार्यक्रम झालाय. रविवारी सकाळी मुलगी मटकी भिजत घालते, संध्याकाळी पाणी काढून ओल्या पंचात बांधते आणि पंचाची गाठ नळाला अडकवते. सोमवारी शाळेतून आली की आधी ती पुरचुंडी उघडून बघते. पावसाळ्यात सोमवारी संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात, जानेवारीत मंगळवार उजाडतो. कच्चे मोड डब्यात देऊ नका, त्या ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात. सात-आठ मिनिटं वाफवून, मग फोडणीत पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून कोरडी करा. गॅसपाशी मी असते, फोडणी मी करते. सोबत लिंबाची फोड हवीच, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जी मटकी गेल्या वर्षी तशीच्या तशी परत यायची, तीच आता "माझी मटकी" म्हणून मैत्रिणींना वाटली जाते.

दर रविवारी जांभळी नाक्याच्या मंडईत मुलांना घेऊन जाते. दोघांच्या हातात वीस-वीस रुपये आणि आठवड्याची एकेक भाजी किंवा फळ निवडायची मुभा. कोवळी काकडी कशी ओळखायची हे भाजीवाल्या मावशींनी मुलाला दाखवलं: बारीक, गडद, टोकाशी घट्ट. जून काकडीत बिया जास्त आणि पाणीही जास्त, ती डब्यात राहत नाही. पावसाळ्यात येऊरच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. एकदा मुलीने टाकळा उचलला. मावशींनी पानं कशी निवडायची ते सांगितलं आणि तिने घरी येऊन ती निवडली, बेसन पेरून केलेली भाजी पोळीत गुंडाळून नेली. मी सुचवलं असतं तर ताटात तरी घेतली असती का, शंका आहे.

लहान मुलांचं काय, असं पहिलीतल्या मुलाच्या आईला, माझ्या जाऊबाईंना, वाटत होतं. त्याची शाळा नऊची, वेळ बरा. सुरी आणि गॅस सोडून त्याला पुष्कळ येतं: पोळीला लोणी लावणं, मटार सोलणं, लिंबू पिळणं, केळ्याच्या चकत्या बोथट सुरीने करणं, खजूर आणि दाण्याचं कूट मळून लाडू वळणं. लाडू वेडेवाकडे होतात, पण डबा रिकामा येतो. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरून द्या, दाण्याचं कूट द्या. सोलाणं आणि बारीक किसणी आठ वर्षांनंतर, शेजारी बसून. सुरी माझ्या मुलीला नवव्या वर्षी दिली, लहान आणि धार असलेली, कारण बोथट सुरी घसरते. केळ्यापुरती बोथट चालते, गाजराला नाही. तवा मुलाला बाराव्या वर्षी, आणि पहिले दोन महिने मी उलथनं हातात घेऊन बाजूला उभी होते.

पौष्टिकतेचा हिशेब मी फार ताणत नाही, पण एक अंदाज असावा. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिनं लागतात, १० ते १२ वर्षांत ती ३२-३३ ग्रॅमपर्यंत जातात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत साधारण ७ ग्रॅम मिळतात. सगळा भार डब्यावर टाकायची गरज नाही. नाचणीच्या धिरड्यात १०० ग्रॅम पिठामागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम येतं, ते आठवड्यातून दोनदा असतंच. चिप्स आणि क्रीमची बिस्किटं डब्यात नाहीत. मुलाने एकदा विचारलं की सगळे आणतात, मग मी का नाही. त्याला सांगितलं की जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२०च्या अन्न सुरक्षा नियमांनी मनाई आहे, मग जे दाराबाहेर विकायला नको ते आपण दप्तरातून आत कशाला न्यायचं? त्याला पटलं. शुक्रवार मात्र पूर्ण त्यांचा. त्या दिवशी बटाटेवडा म्हटला तर बटाटेवडा.

पुन्हा बिघडलं तर

बिघडतं. आमच्याकडे सहा आठवडे सुरळीत चाललं आणि जानेवारीत मुलाचा डबा पुन्हा भरलेला येऊ लागला. यावेळी वही होती म्हणून आठवडाभरात सापडलं. फक्त मंगळवार आणि गुरुवार. त्या दिवशी सुट्टीच्या आधीचा तास खेळाचा. घामाघूम झालेल्या मुलाला पोळी जात नाही, पाणी लागतं. त्या दोन दिवशी आता संत्रं, काकडी, बर्फाची बाटली आणि खजूर-दाण्याचे दोन लाडू. एवढ्यावर भागतं.

मुलीचं कारण वेगळं होतं. नाचणीचं धिरडं काळपट दिसतं, कोणीतरी "हे काय काळं काळं" म्हणालं. अशा वेळी "त्यांना काय कळतंय" असं म्हणून उपयोग होत नाही, मुलाला ते लागलेलं असतं. तिने स्वतःच तोडगा काढला. पिठात किसलेलं बीट घालून लालसर धिरडी केली, वाटीने गोल कापली आणि मधे चटणी लावून एकावर एक ठेवली. "काळं काळं" म्हणणाऱ्या मुलीनेच दुसऱ्या दिवशी एक मागून घेतलं. उकडलेल्या अंड्याचंही तसंच. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडं येतं आणि बंद डब्यात गंधकाचा वास साठतो. अंडं आम्ही डब्यातून काढून संध्याकाळच्या खाण्यात टाकलं.

एक गोष्ट मात्र डब्याच्या बाहेरची आहे. मूल घरीही नीट खात नसेल, वजन कमी होत असेल, रोज पोट दुखतं म्हणत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आमच्याकडे सध्या एकच कोडं सुटायचं राहिलंय, दुधी. थालीपिठात किसून घातला, पराठ्यात घातला, दोन्ही वेळा तुकडा चाखून परत आला. काल रात्री मुलगा म्हणाला, त्याचं पाणी पिळून काढून मुठियासारखे वाफवून बघू का, मग उद्या तव्यावर परततो. आज सकाळी तीळ लावलेल्या, कडेला कुरकुरीत झालेल्या आठ चकत्या घेऊन तो गेलाय. बस अजून यायची आहे.